घाट चढायचा, पण काय खाऊन?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी साताऱ्याचा यवतेश्वर घाट पाहिला आहे? कासच्या पठारावरची फुलं बघायला सप्टेंबरमध्ये आई-बाबांबरोबर आला असाल, तर याच घाटाने वर गेला असाल. शहर संपतं न संपतं तोच रस्ता डोंगराला बिलगून चढायला लागतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्याखाली खेळण्यातल्यासारखं दिसणारं सातारा. गाडीत बसलेल्या मुलांना घाट म्हणजे वळणं आणि मळमळ! पण पहाटे साडेपाचला इथे आलात तर वेगळीच गंमत दिसेल. कानाला मफलर गुंडाळलेले आजोबा, बँकेतले साहेब, कॉलेजातली मुलं, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, असे कितीतरी जण हा घाट चक्क पळत चढत असतात. 2012 सालापासून इथे 21 किलोमीटरची डोंगरी अर्धमॅरेथॉनही होऊ लागली. जाताना चढ, येताना उतार. बक्षीस मिळतं ते मोजक्या लोकांना. मग बाकीचे कशासाठी पळतात? विचारून बघा. "बरं वाटतं म्हणून!" असंच उत्तर मिळेल.

त्या 'बरं वाटतं म्हणून' पळणाऱ्यांतली मीही एक. मी या डोंगराच्या पायथ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी पळत होते ती फक्त एसटी पकडायला. एकदा शाळेच्या क्रीडास्पर्धेत मुलांनी हट्ट धरला, "बाई, तुम्ही पण!" पदर खोचून पळाले खरी, पण पन्नास मीटरांतच अशी धाप लागली, की दुसरीतल्या एका चिमुरडीने मला पाणी आणून दिलं. त्या रात्री ठरवलं, आता पळायला शिकायचं.

सुरुवात सपाट रस्त्यावर केली. विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पळायचं, तिसऱ्यापर्यंत चालायचं. पंजाबी ड्रेस आणि पायांत बूट अशा अवतारात बाईंना बघून पहिले आठ दिवस गाव थांबून बघत होतं. एका आजींनी तर काळजीने विचारलं, "बाई, कुणी मागं लागलंय का?" पण तीन महिन्यांत मी न थांबता चार किलोमीटर पळू लागले, आणि मग माझी नजर घाटाकडे गेली. खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

दिवस श्रावणी सोमवारचा. आदल्या रात्री मी सातलाच थोडंसं जेवून घेतलं होतं. मनात म्हटलं, सकाळी घाट चढायचा आहे, पोट हलकं असलेलं बरं. सकाळी उपास, म्हणून फक्त अर्धा कप चहा. पहिलं वळण झोकात चढले. दुसरंही. साधारण दोन किलोमीटर झाले असतील, तोच पाय एकदम शिशाचे झाले. दम लागणं निराळं, हे निराळं! दम लागला की थांबल्यावर बरं वाटतं. इथे थांबले तरी हात थरथरत होते, कपाळावर गार घाम, कानांत गुणगुण, आणि काही कारण नसताना रडू यायला लागलं. मी कठड्याला टेकून खालीच बसले.

तेवढ्यात वरच्या वाडीहून दुधाचे कॅन घेऊन उतरणारे काका मोटारसायकल थांबवून म्हणाले, "बाई, काय झालं वो?"

"काही नाही काका. उपास आहे आज."

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. "खावा. ह्ये उपासाला चालतंय."

पंधरा मिनिटांत जग पुन्हा जागेवर आलं. उपास मोडला नाही आणि बाईही मोडल्या नाहीत! पण त्या दिवशी मी घाट चढून नाही, उतरून घरी आले.

असं का झालं, ते आता सांगते. आपण भाकरी, भात, पोळी, केळी, बटाटा असे पिष्टमय पदार्थ खातो, त्यांची शरीरात साखर होते. लगेच न लागणारी साखर ग्लायकोजेन नावाच्या रूपात साठवली जाते. कोठारं दोन, एक स्नायूंमध्ये आणि दुसरं यकृतात. दोघांचा स्वभाव मात्र अगदी वेगळा बरं का! स्नायू म्हणजे गल्लीतलं कंजूष घर. स्वतःच्या डब्यातली साखर ते शेजाऱ्याला चमचाभरही देत नाही. पायातला साठा पायालाच. यकृत मात्र गावच्या रेशन दुकानासारखं आहे. ते रक्तातून सगळ्यांना साखर पुरवतं, मेंदूलाही. आपण झोपतो तेव्हाही मेंदूचं काम चालूच असतं, त्यामुळे सकाळपर्यंत हे रेशन दुकान बरंचसं रिकामं झालेलं असतं. मी आदल्या रात्री त्यात नीट माल भरला नाही, सकाळीही भरला नाही, आणि वर घाट चढायला निघाले. मेंदूला साखर कमी पडायला लागल्यावर रडू येईल नाहीतर काय होईल?

तुम्ही म्हणाल, "पण बाई, अंगात चरबी असते ना? तिच्यातूनही शक्ती मिळते की!" मिळते, आणि तिचा साठाही मोठा असतो. पण चरबी म्हणजे थिजलेलं तूप. ते वितळून कामाला यायला वेळ लागतो. रमतगमत चालताना तेवढं पुरतं. चढावर शरीराला झटपट शक्ती हवी असते, ती साखरच देते. म्हणून सपाट रस्त्यावर जी उपाशीपोटीची चूक खपून गेली, ती घाटाने पहिल्याच दिवशी पकडली.

इतकं कळल्यावर मी शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटेल. पण याच्यापेक्षा मोठी चूक मी पुढच्या वर्षी केली, आणि तिची किंमत मला नाही, माझ्या एका विद्यार्थिनीला मोजावी लागली.

तोपर्यंत शाळा सुटल्यावर माझ्याबरोबर दहा-बारा मुलंमुली ओढ्याच्या रस्त्याने पळायला लागली होती. त्यात सातवीतली एक मुलगी होती. पळायला लागली की पावलांचा आवाजसुद्धा यायचा नाही. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर ललिता बाबर यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो चिकटवलेला होता. ललिताताई आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोही गावच्या. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या 3000 मीटर शर्यतीत त्यांनी अंतिम फेरी गाठली आणि दहाव्या आल्या. ऑलिंपिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला त्याआधी 1984 मध्ये पी. टी. उषा होती. म्हणजे मधे 32 वर्षं गेली! दुष्काळी माणदेशातली मुलगी तिथवर पोहोचते, याचं आमच्या मुलांना फार अप्रूप.

विज्ञानाच्या तासाला 'गती, बल व कार्य' हा धडा चालू होता. पुस्तकातली खोकी उचलण्याची गणितं मुलांना कंटाळवाणी वाटतात, म्हणून मी फळ्यावर आपल्या घाटाचंच गणित घातलं. घाट 300 मीटर उंच धरा. एका मुलीचं वजन 36 किलो, दुसरीचं 34. वर जायला कोणाला किती कार्य करावं लागेल? 9.8 ऐवजी सोयीसाठी 10 ने गुणलं. पहिलीला 1,08,000 जूल, दुसरीला 1,02,000 जूल.

"मग घाट चढायला सोपं कोणाला?"

"34 किलोवाल्या मुलीला!" सगळा वर्ग ओरडला. मी "शाब्बास" म्हटलं, तेवढ्यात घंटा झाली आणि मी फळा पुसला. अर्धं गणित फळ्यावर सोडवलं होतं, अर्धं राहिलं होतं. ते राहिलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढचे तीन-चार आठवडे मी काय काय पाहिलं, ते आज आठवलं की स्वतःचाच राग येतो. ती मुलगी मधल्या सुट्टीत आपली पोळी मैत्रिणींना वाटायची. मला वाटलं, किती मायाळू! वर्गात पेंगायला लागली. मला वाटलं, रात्री टीव्ही बघत असेल. सर्दी झाली ती हटेना. बारीकसारीक कारणावरून मैत्रिणींवर खेकसायला लागली. आणि सर्वांत पुढे पळणारी ही पोर हळूहळू मधे, मग मागे पडली. मी तिला काय म्हटलं असेल? "जोर लाव, जोर लाव!"

एक दिवस तिची आई शाळेत आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "बाई, पोरगी रातच्याला जेवतच न्हाई. नुसतं ताक पिती आन् निजती. ह्ये तुमच्या पळण्यापायी झालंय का वो?"

मी मुलीला जवळ बोलावलं. बराच वेळ ती गप्प राहिली. मग तिने वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. एकाखाली एक आकडे लिहिले होते. 36, साडेपस्तीस, 35, साडेचौतीस. पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर ती दर शनिवारी वजन करून येत होती. सर्वांत खाली 33 लिहून त्याभोवती गोल केला होता.

"बाई, तुम्हीच म्हणाला होता ना, की हलकं असलं की घाट सोपा जातो?"

काय उत्तर द्यावं, सुचेना. चूक फळ्यावर झाली होती, तेव्हा ती फळ्यावरच दुरुस्त करायला हवी होती. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सरळ सांगितलं, "मुलांनो, माझं गणित अर्धं राहिलं होतं. आज पुरं करू."

दोन किलो वजन कमी झाल्यामुळे वाचलेलं कार्य किती? 6,000 जूल. ऐकायला केवढा मोठा आकडा! पण आपले स्नायू अन्नातल्या शक्तीपैकी साधारण चौथा हिस्सा कामात आणतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून तर पळताना अंग तापतं. म्हणजे 6,000 जूल कामासाठी 24,000 जूल अन्न लागेल. एका किलोकॅलरीत सुमारे 4,200 जूल असतात. भागाकार करा. उत्तर आलं, जेमतेम सहा किलोकॅलरी.

मी टेबलावर दोन शेंगदाणे ठेवले. एका दाण्यात साधारण तीन किलोकॅलरी धरा. म्हणजे दोन किलो वजन उतरवून, संपूर्ण घाट चढताना वाचले दोन शेंगदाणे! एक मुलगा म्हणाला, "बाई, पण घाट नुसता उंच नाही, लांब पण आहे." हुशार पोर. त्याचं म्हणणं बरोबर होतं. पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे ढोबळमानाने एक किलोकॅलरी लागते. रस्ता पाच किलोमीटरचा धरला, तर दोन किलोचे आणखी दहा. म्हणजे वर चार दाणे. टेबलावर आता सहा शेंगदाणे झाले.

आणि पोळी दुसऱ्याला देऊन, रात्रीचं जेवण टाकून रोज किती जात होतं? एका पोळीतच शंभरएक किलोकॅलरी! वर्ग हसायला लागला. ती मात्र हसली नाही. मधल्या सुट्टीत टेबलाजवळ आली, ते सहा दाणे हातात घेऊन बघितले आणि परत ठेवून दिले.

"बाई, मग ललिताताई एवढ्या बारीक कशा?"

मी म्हटलं, "त्या दिवसाला किती किलोमीटर पळत असतील आणि ते भरून काढायला किती जेवावं लागत असेल, हे फोटोत दिसतं का गं?"

मोठे, मुरलेले धावपटू वजनाचा विचार करतात, हे खरं आहे. पण ते पूर्ण वाढ झालेले असतात, त्यांच्यामागे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचं वजन वाढतं ते हाडं लांब होतात म्हणून, स्नायू भरतात म्हणून, रक्त वाढतं म्हणून. ते वाढायलाच हवं. या वयात जेवण तोडून जे दोन किलो जातात, त्यात पळणारे स्नायूच जातात. घाट चढणाऱ्या बैलाला चारा कमी करून कोणी गाडी हलकी करतं का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी भरलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पळणं काही दिवस बंद करायला सांगितलं. तालुक्याच्या स्पर्धेत ती उतरली नाही. त्या दिवशी ती मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. दोघी फारसं काही बोललो नाही.

आता तुम्ही विचाराल, मग पळणाऱ्याने खायचं तरी काय? काहीही खास नाही! डब्यातली पावडर नको, जाहिरातीतलं पेय नको. आपल्या घरात जे शिजतं तेच, फक्त पोटभर आणि वेळेवर. संध्याकाळी पळायचं असेल तर दुपारचं जेवण नीट झालं पाहिजे. भरल्या पोटी मात्र पळू नका, दोन-तीन तास जाऊ द्या. सकाळी पळायचं तर रात्रीची भाजी-भाकरी, वरण-भात महत्त्वाचा, आणि निघण्याआधी अर्धा तास एखादं केळं, दोन खजूर किंवा गूळ-पोळीचा तुकडा. पळून आल्यावर तासाभरात खरं जेवण घ्या. पोहे आणि दूध, उसळ-पोळी, अंडं खात असाल तर अंडं, काहीही चालेल. पिष्टमय पदार्थ रिकामी कोठारं भरतात, प्रथिनं स्नायूंची डागडुजी करतात. पालेभाजी आणि कडधान्यांतून लोह मिळतं. वर लिंबू पिळलं की ते अंगी जास्त लागतं आणि जेवणावर लगेच चहा प्यायला की कमी लागतं. म्हणून आमच्या शाळेतल्या पळणाऱ्या पोरांच्या घरी मी जेवणानंतरचा चहा बंद करवला. त्यांच्या बाबांनी माझ्यावर राग धरला आहे, पण असो.

माझंच उदाहरण सांगते. माझं वजन 55 किलो. घाट चढून उतरून दहा किलोमीटर झाले, तर साडेपाचशे किलोकॅलरी नुसत्या अंतराच्या आणि दीडशेच्या आसपास चढाच्या. एवढ्या भरून काढायला रोजच्या जेवणाशिवाय अडीच-तीन भाकरी जास्त लागतात. सासूबाईंना आधी हे पटेना. आता मी पळून आले की त्या स्वतःच म्हणतात, "बस आता, तव्यावरची घे."

जगातले सर्वांत चांगले पळणारे काय खातात, ठाऊक आहे? केनिया देशात इटेन नावाचं गाव आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर, म्हणजे ते गाव कळसूबाईच्याही डोक्यावर! तिथे कितीतरी विश्वविजेते धावपटू घडले. चढउतारांच्या लाल मातीच्या रस्त्यांवर ते सराव करतात, आणि खातात काय, तर उगाली. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत पालेभाजी, घेवड्यासारखी कडधान्यं आणि दूध घातलेला गोड चहा. आणखी एक गंमत. तिथे चपातीही खातात आणि तिला चपातीच म्हणतात! आफ्रिकेच्या त्या भागात रेल्वे बांधायला आणि व्यापाराला गेलेल्या भारतीय लोकांबरोबर ती तिकडे पोहोचली. तेव्हा पुढच्या वेळी आईने चपाती वाढली की नाक मुरडू नका.

पोटाचं झालं. आता घाटाचं. घाट पळताना सगळ्यात अवघड काय असतं? हळू जाणं! सपाटीवरचा वेग चढावर टिकवायला गेलात की संपलात. मी मुलांना सांगते, वेग विसरा, श्वास ऐका. शेजारच्याशी एखादं पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द यायला लागले की वेग कमी करा. पावलं छोटी आणि भराभर टाका, सायकलचा गिअर बदलतो तशी. कमरेत वाकू नका, त्याने छाती आवळली जाते. सबंध अंग घोट्यापासून जरासं पुढे झुकवा. हात हलवा. नजर घाटमाथ्यावर नको, पाच-सात पावलं पुढे ठेवा, कारण माथा बघितला की पाय रुसतात. आणि फारच उभा चढ आला तर सरळ चाला. चालण्यात लाज कसली? खड्या चढावर चालण्याला पळण्यापेक्षा कमी शक्ती लागते. मी अर्धमॅरेथॉन एकदाच पळाले, तीही शेवटून जवळच होते, पण चढावर 'पळणाऱ्या' दोन जणांना मी चालत मागे टाकलं होतं!

उताराला मुलं फार फसतात. वाटतं, आता काय, मज्जा! पण उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात, गाडीच्या ब्रेकसारखे. अशा कामाने त्यांना बारीक इजा होते आणि दुखणं लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. पहिला घाट उतरल्यावर मी दोन दिवस शाळेची पायरी तिरकी उतरत होते आणि अख्खी चौथी माझी नक्कल करत होती. मात्र शरीर मोठं गुणी असतं. एकदा दुखून बरे झालेले स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला फारसे कुरकुरत नाहीत. म्हणून पहिल्यांदा थोडाच चढ, थोडाच उतार घ्या. आठवड्यातून एकदाच. बाकीचे दिवस सपाटीवर पळा, खेळा. दोन दिवस तर पळूच नका. रस्त्यावर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही, आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने जायचं. चक्कर आली, हात थरथरायला लागले, तर थांबा, बसा, गोड काहीतरी खा आणि मोठ्यांना सांगा. लपवू नका.

हा लेख वाचणाऱ्या पालकांशी थोडं बोलायचं आहे. अमेरिकेत मेरी केन नावाची एक मुलगी 2013 साली, अवघ्या 17 व्या वर्षी जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम फेरीत धावली. पुढे 2019 मध्ये तिने जगाला सांगितलं, की वजन कमी कर, आणखी कमी कर, असा दबाव तिच्यावर होता. त्या काळात तीन वर्षं तिची मासिक पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. अन्न कमी पडलं की शरीर आधी अशी खाती बंद करतं, जी बंद झालेली वरून दिसत नाहीत. पाळी, हाडांची मजबुती, रोगाशी लढण्याची ताकद. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये याबद्दल सविस्तर इशारा दिला, आणि हा त्रास मुलांनाही होतो हेही सांगितलं. खेळणारं मूल सारखं आजारी पडत असेल, चिडत असेल, जेवताना कारणं सांगत असेल, नियमित झालेली पाळी थांबली असेल, तर 'सरावाने दमलंय' असं म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. आणि कृपा करून मुलांसमोर त्यांच्या जाडीची-बारीकपणाची चेष्टा करू नका. मी फळ्यावर केलेल्या एका गणिताने काय झालं ते तुम्ही वाचलंच.

डिसेंबरात आम्ही सगळे घाट चढलो. आठ मुलं, चार पालक आणि मी. डॉक्टरांनी परवानगी दिली होती म्हणून तीही आली. निघण्याआधी देवळाजवळच्या पारावर प्रत्येकाने एक केळं खाल्लं. सालं गोळा करायचं काम तिने घेतलं. धुकं इतकं होतं की पुढचं वळण दिसत नव्हतं. पहिल्या चढावर मुलं सुसाट सुटली आणि दुसऱ्या वळणावर कठड्याला टेकलेली सापडली. ती मात्र बारीक पावलं टाकत, शेजारच्या मुलीशी गप्पा मारत येत होती. मी त्या दिवशी बसले होते ती जागा आली तेव्हा समोरून दूधवाले काका उतरले. "आज उपास न्हाई ना बाई?" म्हणून हसत पुढे गेले. शेवटच्या खड्या चढावर ती थांबली आणि चालायला लागली. दोन मुलं तिच्या पुढे गेली. तिने बघितलं, पण पावलं बदलली नाहीत.

यवतेश्वराच्या देवळापाशी डबे उघडले. ऊन नुकतंच वर आलं होतं. तिच्या डब्यात दोन भाकऱ्या, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिची आई जरा लांब बसून, आपण बघत नाही असं दाखवत बघत होती. डबा पुसून साफ झाला. मग ती माझ्याजवळ सरकली.

"बाई, तुमच्यातली अर्धी देता?"

मी दिली. खरं सांगायचं तर भूक मलाही कडकडून लागली होती.